सिकल पॉझिटिव्ह एवढंच लिहू नको

पोरी,

तुझा मेसेज वाचला. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये निदानं भरायचं काम तुला नुसतं कारकुनी वाटून राहिलं, पण माझं ऐक, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे हे काम फार जबाबदारीचं आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच बघ. एएस म्हणजे वाहक, त्याला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो, अन् एसएस म्हणजे खरा पेशंट, हाडं ठणकून रात्री-बेरात्री अॅडमिट होणारा. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक कोड-यादीत, दोघंही डी५७ खालीच येतात, वाहकाचा डी५७.३ एवढाच फरक, मग कोणी घाईत नुसतं डी५७ टाकलं की दोघं एकाच आकड्यात, अन् त्या आकड्यावर पेशंटला देतात त्या हायड्रॉक्सीयुरिया औषधाची मागणी गेली की सगळा हिशेबच बिघडला ना.

म्हणून स्नोमेड सीटी, म्हणजे आजारांना कोड देऊन त्यांची नाती मांडणारी शब्दावली, नीट शिकून घे. २००२ मध्ये अमेरिकेतलं स्नोमेड आरटी अन् ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं (एनएचएस) क्लिनिकल टर्म्स एकत्र करून ते बनलं, भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे अन् आपल्याकडचं काम पुण्याची सी-डॅक ही सरकारी संस्था पाहते. साडेतीन लाखांच्या आसपास कन्सेप्ट, म्हणजे कोड दिलेल्या संकल्पना, आहेत, पण पाठ काही करायचं नाही, कोडचा आकडा स्वतः काहीच सांगत नाही, त्याचं नातं कोणाशी जोडलंय ते बघायचं.

फुफ्फुसाचा टीबी घे. आयसीडी-१० त्याला संसर्गाच्या प्रकरणात ठेवते, श्वसनाच्या प्रकरणात तो सापडत नाही. स्नोमेडमध्ये मात्र 'इज अ' (म्हणजे 'हा अमक्याचा प्रकार आहे') हे नातं एकापेक्षा जास्त ठिकाणी जाते, म्हणजे तो टीबीही आहे अन् फुफ्फुसाचा आजारही, वरून 'फाइंडिंग साइट' (आजाराची जागा) फुफ्फुस अन् 'कॉझेटिव्ह एजंट' (आजार करणारा) टीबीचा जंतू. त्यामुळे फुफ्फुसाचे सगळे आजार काढ म्हटलं तरी हे पेशंट सुटत नाहीत, अन् कोणी वेगळी यादीही ठेवावी लागत नाही.

आता तू विचारलंस की टीबीच्या या नात्यांत खोकला काऊन जोडला नाही. कारण व्याख्येत तेच नातं बसते जे प्रत्येक पेशंटमध्ये, दरवेळी खरं असते. खोकला नसलेला टीबीवालाही असतोच की! मला ही शिस्त फार आवडते, अंदाजाला तिथं जागाच नाही.

अजून एक. 'आईला टीबी होता' हे टीबीखाली टाकायचं नाही, घरच्या इतिहासाचे कन्सेप्ट वेगळ्या फांदीवर आहेत, नाहीतर धडधाकट पोरगा कागदावर पेशंट होऊन बसते.

अन् केसपेपरवर नुसतं 'सिकल पॉझिटिव्ह' दिसलं तर डॉक्टरला बिनधास्त विचार, इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी तपासणी) झालं का म्हणून. सोल्युबिलिटी टेस्ट या प्राथमिक तपासणीवरून एएस की एसएस ते कळतच नाही, तेव्हा रिपोर्ट येईस्तोवर 'तपासणी पॉझिटिव्ह' एवढंच भर, निदान टाकू नको. स्नोमेडचा ब्राउझर नेटवर फुकट उघडते, त्यात फुफ्फुसाचा टीबी शोधून डायग्राम बघ, अन् रविवारी फोन कर, मग सर्पदंशाचं घेऊ.