भूत कितव्या पानावर?

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचली. वाडा छान उभा केला आहेस. पण माडीवरची बाई दुसऱ्याच पानावर समोर येते आणि मग पुढे दाखवायला काही उरतच नाही. इंग्रजीतलं गॉथिक, म्हणजे जुन्या किल्ल्या-वाड्यांतल्या भयकथा, वाचू का, असं विचारलं होतंस. जरूर वाच, पण ती पुस्तकं सुटी सुटी वाचू नकोस. हा प्रकार वाढला तो एकाचं दुसऱ्याला पटलं नाही म्हणून.

होरेस वॉलपोलनं १७६४च्या डिसेंबरात ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ काढलं, तेही नाव लपवून. १५२९ साली नेपल्सला छापलेल्या जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर, अशी बतावणी केली. पुस्तक चाललं तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत गडी कबूल झाला आणि ‘अ गॉथिक स्टोरी’ हे शब्दही तेव्हाच जोडले. त्यात ऐन लग्नाच्या दिवशी एक अवाढव्य शिरस्त्राण पडून नवरदेव चिरडतो. क्लॅरा रीव्हला हे अती वाटलं. असल्या गोष्टींनी भीती वाटायच्या ऐवजी हसू येतं, असं तिनं प्रस्तावनेत लिहिलं आणि स्वतःच्या ‘द ओल्ड इंग्लिश बॅरन’मध्ये हात आखडता घेतला. यावर वॉलपोलचा शेरा असा, की यापेक्षा खुनाचा कुठलाही कोर्टातला खटला जास्त रंगतो! दोघांचंही बरोबर होतं, हीच तर गंमत.

वाट काढली ॲन रॅडक्लिफनं. ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ (१७९४) मध्ये नायिका एमिली काळा पडदा बाजूला करते आणि बेशुद्ध पडते. तिनं काय पाहिलं, ते आपल्याला कळतं थेट शेवटाकडे. तो मेणाचा पुतळा असतो. मला तो खुलासा आजही फुसका वाटतो, पण मधली शेकडो पानं वाचक त्या पडद्यावरच जगतो. तुला शिकायचं आहे ते तिथे. मॅथ्यू लुईसनं हे पुस्तक आवडीनं वाचलं आणि १७९६ मध्ये, विशीत पाऊल टाकताना, नेमकं उलटं केलं. त्याच्या ‘द मंक’मध्ये खुलासे नाहीत, प्रत्यक्ष सैतानच हजर होतो.

पुढचं तुला ठाऊक असेलच. ‘फ्रँकेन्स्टाइन’नं १८१८ मध्ये भय किल्ल्यातून शास्त्रज्ञाच्या खोलीत नेलं, ‘ड्रॅक्युला’नं १८९७ मध्ये ते लंडनच्या गर्दीत सोडलं.

आता काम. ‘उडॉल्फो’ आधी, ‘द मंक’ नंतर. पडद्यापासून खुलाशापर्यंत रॅडक्लिफ त्या गोष्टीची आठवण कुठे कुठे करून देते, ते समासात खुणा करून ठेव. मग बाईला माडीवरून न उतरवता पहिली तीन प्रकरणं पुन्हा लिही आणि मला पाठव. जेन ऑस्टेनचं ‘नॉर्थँगर ॲबी’ मात्र त्यानंतरच उघड. तिनं या सगळ्यांची इतकी गोड टिंगल केली आहे, की आधी वाचलंस तर तुझा वाडा अर्ध्यावरच राहील.