वाचकांचे प्रश्न : संशय आला, आता कोणाला आणि काय सांगायचे?

प्रश्न : स्थानकावर, बागेत, प्रतीक्षागृहात मालकाविना पडलेल्या बॅगा नेहमीच दिसतात. विसरलेली कोणती आणि धोक्याची कोणती, हे ओळखायचे कसे?

बहुतेक बॅगा विसरलेल्याच असतात. हे धरून चालले नाही, तर स्थानके दर तासाला रिकामी करावी लागतील. ब्रिटनमध्ये यासाठी तीन प्रश्नांची चाळणी वापरतात. पहिला, वस्तू मुद्दाम लपवली आहे का? विसरलेली बॅग बाकावर किंवा बाकाशेजारी, म्हणजे माणूस जिथे बसला होता तिथे सापडते. कचरापेटीच्या मागे किंवा जिन्याखाली आत खोचून कोणी बॅग विसरत नाही. दुसरा, तिच्यात उघड खटकणारे काही आहे का? बाहेर आलेल्या वायरी, बॅटऱ्या, चिकटपट्टीचे वेढे, पाझरणारे द्रव. तिसरा, अशी वस्तू त्या जागी एरवी असते का? विमानतळावर सूटकेस असणारच. तीच सूटकेस वीजजोडणीच्या खोलीच्या दारात असेल, तर प्रश्न वेगळा.

चाळणी लावण्याआधी एक साधे काम करा. आसपासच्यांना मोठ्याने विचारा, ‘ही बॅग कोणाची?’ पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटते.

नाही मिटले, तर बॅगेला हात लावू नका. उघडू नका, बाजूला सरकवू नका, तिच्यावर पाणी ओतू नका. आधी लांब जा, मग फोन करा. संशयित वस्तूपासून १५ मीटरच्या आत मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरू नये, असा ब्रिटिश पोलिसांचा दंडक आहे. त्यांची अंतरेही ठरलेली आहेत : हातातल्या बॅगेएवढ्या वस्तूसाठी किमान १०० मीटर, मोटारीसाठी २००, मोठ्या व्हॅन किंवा ट्रकसाठी ४००. लोक चुकतात ते पुढे. शंभर मीटर चालून जातात आणि मग काचेच्या दर्शनी भिंतीखाली किंवा रांगेने लावलेल्या गाड्यांच्या आडोशाला उभे राहून बघत बसतात. स्फोटात माणसे मोठ्या प्रमाणावर जखमी होतात ती उडणाऱ्या काचांनी आणि पत्र्यांनी. वस्तू तुम्हाला दिसत असेल, तर तुम्ही अजून तिच्या माऱ्यात आहात. पक्क्या भिंतीचा कोपरा गाठा.

प्रश्न : फोन लागल्यावर नेमके काय सांगायचे? घाईत सुचत नाही.

ठिकाण सगळ्यात आधी, कारण फोन मध्येच तुटू शकतो. फलाटाचा क्रमांक, प्रवेशद्वार, मजला, जवळची ठळक खूण. मग काय दिसले, किती वाजता, माणूस कोणत्या दिशेने गेला आणि तुमचा नंबर. भारतात आणि युरोपीय संघातल्या देशांत ११२ हा आणीबाणीचा क्रमांक चालतो.

निष्कर्ष सांगू नका, दिसले ते सांगा. ‘अतिरेकी वाटतोय’ यावरून पोलिसांना कोणालाच शोधता येत नाही. ‘राखाडी सॅक, पायऱ्यांखाली ठेवली, दोनदा मागे वळून बघितले, मग दक्षिणेच्या दाराने पळत गेला’ यावरून कॅमेऱ्यात माणूस सापडतो. वर्णन करताना लवकर न बदलणाऱ्या गोष्टी आधी सांगा : उंची (दाराच्या चौकटीशी ताडून), बांधा, चालण्याची ढब, बूट. जाकीट आणि टोपी दोन मिनिटांत उतरते, बूट सहसा कोणी बदलत नाही. गाडीचा पूर्ण क्रमांक लक्षात राहिला नाही, तर शेवटचे आकडे, रंग आणि पोचा कुठे आहे एवढे पुरते. हे सगळे इतर साक्षीदारांशी बोलण्याआधी लिहून काढा. एकमेकांचे ऐकून आठवणी सरमिसळ होतात.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १ मे २०१० रोजी पदपथावरच्या विक्रेत्यांनी हेच केले. एका उभ्या गाडीचे इंजिन चालू, धोक्याचे दिवे लुकलुकताहेत, आत कोणी नाही आणि धूर येतो आहे, असे त्यांनी जवळच्या पोलिसाला दाखवले. गाडीत बॉम्ब होता. तो नीट पेटला नाही आणि परिसर वेळेत रिकामा झाला.

प्रश्न : सुरक्षारक्षकाला सांगितले, तो ‘बघतो’ म्हणाला. आपले काम संपले का?

नाही. ब्रिटनमधल्या मँचेस्टर अरिना या संगीत कार्यक्रमांच्या सभागृहात २२ मे २०१७ च्या बॉम्बहल्ल्यात २२ जणांचा बळी गेला. मुलांना न्यायला आलेल्या एका पालकाला, मोठी सॅक घेऊन कोपऱ्यात बसलेला माणूस स्फोटाच्या सुमारे पाव तास आधीच खटकला होता. त्याने कर्मचाऱ्याला सांगितलेही. कर्मचारी जागा सोडू शकत नव्हता. त्याने काही मिनिटांनी दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याचा वॉकीटॉकी लागला नाही आणि नियंत्रण कक्षापर्यंत काहीच पोहोचले नाही. चौकशी आयोगाने २०२१ च्या अहवालात ही हुकलेली संधी म्हणून नोंदवली. पाहणारा चुकला नव्हता, निरोप वाटेत अडला.

म्हणून रक्षकाला विचारा, ‘आता तुम्ही कोणाला कळवता?’ आणि तो कळवेपर्यंत थांबा. टाळाटाळ दिसली, तर स्वतः पोलिसांना फोन करा. संशयिताला हटकायला मात्र जाऊ नका. त्या पालकाने ते धाडस केले होते. ते इतरांनी करू नये.

प्रश्न : उगाच कोणावर आळ येईल, ही भीती वाटते.

भीती रास्त आहे. मँचेस्टरच्या त्या रक्षकांपैकी एकानेही, वंशवादाचा शिक्का बसेल या धास्तीने आपण कचरलो, असे सांगितले होते. उलटे उदाहरण २००६ मधले. अमेरिकेत मिनिआपोलिसला सहा इमामांना विमानातून उतरवले गेले; विमानतळावर नमाज पढणे हे संशयाच्या कारणांपैकी एक होते. खटला झाला, २००९ मध्ये तडजोड झाली.

यातून वाट एकच : कपडे, दाढी, भाषा, प्रार्थना बाजूला ठेवायची आणि कृती बघायची. इमारतीचे फोटो सगळेच काढतात. पण फक्त कॅमेरे, मागची दारे आणि पहारा बदलण्याची वेळ टिपायला कोणी पुन्हा पुन्हा येत असेल, तर कळवावे. मुद्दाम वस्तू सोडून कोण धावते ते लांबून बघणे, ओळखपत्राविना गणवेशात आत शिरू पाहणे, हेही त्यातच. ‘हाच माणूस दुसऱ्या वेशात असता, तर मी फोन केला असता का?’ असे स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर फोन ठेवा.

जाणूनबुजून दिलेली खोटी खबर हा गुन्हा आहे. प्रामाणिकपणे दिलेली आणि निराधार ठरलेली खबर हा गुन्हा नव्हे.

प्रश्न : घरातलाच मुलगा अशा नादाला लागतोय असे वाटले तर?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. एकाएकी धार्मिक होणे किंवा राजकारणावर तावातावाने बोलणे ही खूण नव्हे. हिंसेचे समर्थन, जुने मित्र तोडून बंद गटांत रमणे, स्वतःच्या वस्तू वाटून टाकणे, निरोपाची भाषा, शस्त्रांची चौकशी, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर वाट बघू नये. अमेरिकेत टेड काझिन्स्की १९७८ पासून टपालाने बॉम्ब पाठवत होता. १९९५ मध्ये त्याचे निवेदन वर्तमानपत्रात छापून आले आणि भाऊ व भावजयीने त्याची लेखनशैली ओळखून तपास यंत्रणेला कळवले. एप्रिल १९९६ मध्ये तो पकडला गेला. फोन हिसकावून त्यातले काही पुसू नका. त्यात पुरावा असतो, आणि मुलाला भरीला घालणाऱ्यांचा मागही.

प्रश्न : घटनास्थळाचा व्हिडिओ गटावर टाकून लोकांना सावध करावे का?

नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांना फोनवरून चालवणारे लोक थेट प्रक्षेपण बघत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्यावर वाहिन्यांना सुनावले. ब्रसेल्समध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये पोलिसांनी छाप्यांबद्दल काही न लिहिण्याची विनंती केली, तेव्हा लोकांनी मांजरांचे फोटो टाकून जागा भरून काढली! व्हिडिओ पोलिसांना द्या, पण गटावरून फिरून आलेली प्रत नको. पुढे पाठवताना चित्र दाबले जाते आणि वेळेची नोंद गळते. मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या.