आधी मोजायला लाव

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. कॉलेजात दर शनिवारी कॅड, म्हणजे संगणकावरचं ड्रॉइंग, शिकवायला जातेस; पोरं यूट्यूब बघून आलेली असतात, माझ्याआधी त्यांच्या कमांड मारून होतात, मग मी तिथं उभं राहून करू काय, असा तुझा प्रश्न. अगं, चाकणला तू आठवडाभर फिक्स्चर, म्हणजे मशीनवर पार्ट पकडून ठेवायची साधनं, डिझाइन करतेस. वर्कशॉपमधून तुझं ड्रॉइंग परत येतं तेव्हा 'ट्रिम नीट मारलं नाही' असं कुणी म्हणतं का? 'मॅडम, हे माप घ्यायचं कुठून?' असंच विचारतात ना? तेवढंच वर्गात घेऊन जा.

पोरांना मोजायला लाव. पहिला अर्धा तास संगणक बंद. टेबलावर खरे पार्ट मांड: प्लमर ब्लॉकची (बेअरिंगच्या आधाराची) टोपी, जुना ब्रॅकेट, काहीही. प्रत्येकाला वेगळा दे, म्हणजे पेन ड्राइव्हवरून एकच फाइल नाव बदलून फिरायची आपोआप थांबेल. 0.02 लीस्ट काउंटचं, म्हणजे 0.02 मिमीपेक्षा बारीक न मोजणारं वर्नियर हातात घेऊन एखादा 24.987 लिहील, कारण स्क्रीनवर तीन-चार दशांश बघायची सवय. तिथं थांब, पुढं पळू नकोस. ड्रॉइंगवर 25 एच7 लिहिलेलं होल म्हणजे 25.000 ते 25.021 मिमी, सूट तेवढीच. त्यात बसणारा जी6 सूट दिलेला शाफ्ट 24.980 ते 24.993. हे वर्नियरचं काम नाही; बोअर गेज, मायक्रोमीटर लागतो, शॉपला वेळ आणि पैसा लागतो. एकदा हे कळलं की तो जिथं तिथं ±0.01 ची सूट ठोकणार नाही.

मग एका ओळीतली पाच होल दे. एकापुढं एक साखळीनं मापं दिली, प्रत्येकाला ±0.1, की कडेपासून पाचव्या होलपर्यंत ±0.5 झालं. सगळी मापं कडेपासून दिली तर तिथंही ±0.1 च. मॉडेल दोन्ही वेळा तंतोतंत बरोबर दिसतं, म्हणून तर कमांडवाल्या पोरांना हे कधी दिसत नाही. (यूट्यूबवरच्या अमेरिकन व्हिडिओंमुळं निम्मी थर्ड अँगलमध्ये, म्हणजे वरून दिसणारा टॉप व्ह्यू वर ठेवून काढतात, तेही बघ. आपल्याकडं फर्स्ट अँगल, त्यात तो खाली येतो.)

सिलॅबसचं काय, विचारशील. माझा कधीच संपला नाही. थ्रीडीचा शेवटचा भाग पोरं रात्री हॉस्टेलवर आपापला करायची, आणि करायची! विभागप्रमुख दरवर्षी बोलावून झापायचे. मी शेवटपर्यंत तासिका तत्त्वावरच राहिलो, मानधनही वर्ष संपताना एकरकमी मिळायचं. हट्ट नडला, लोक म्हणतात. नडला असेल. मला प्राध्यापक म्हणून निवृत्त व्हायचं होतं, खोटं कशाला बोलू? घरात हा विषय अजून निघत नाही. पण भोसरीतल्या टूलरूमवाल्यांना ड्रॉइंग तपासायला माणूस हवा असला की ते अजून मलाच फोन करतात, कॉलेजला नाही. हे मी जरा जास्तच लोकांना सांगतो, असंही घरचे म्हणतात.

तेव्हा मोजायला लाव. कमांडची भीती तुझी तुलाच आहे, पोरांना तिचं काही पडलेलं नाही.

वर्नियर मेट्रोलॉजी (मोजमापाच्या) लॅबच्या कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असतं. किल्ली लॅब असिस्टंटकडं. शुक्रवारीच फोन करून त्यांना सांगून ठेव. शनिवारी ते लवकर निघतात.