फिलर घेताना डोळ्याने दिसेनासं झालं तर उपचार आहे का?

अंधेरीत नाकाला फिलर (आकार देण्यासाठी त्वचेखाली टोचतात तो पदार्थ) घेताना तुमच्या मावसबहिणीला एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं आणि क्लिनिकवाले म्हणतात, ‘सूज आहे, उतरेल.’ हे ऐकून घरी बसू नका. सुजेने क्षणात अंधार होत नाही. फिलर धमनीत शिरून उलटं डोळ्याच्या धमनीत गेलं की दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो. नाक, भुवयांमधली जागा आणि कपाळ इथे हा धोका जास्त.

फिलर हायलुरॉनिक ॲसिडचं असेल तर ते विरघळवणारं हायलुरॉनिडेझ लगेच, भरपूर मात्रेत टोचतात. कॅल्शियमवालं फिलर किंवा स्वतःची चरबी असेल तर त्याचा उपयोग नाही, म्हणून बाटलीचं नाव विचारून घ्या, खोक्याचा फोटो काढा. सोबत डोळ्याला मसाज, डोळ्यातला दाब उतरवणारे टिमोलॉलचे थेंब आणि ॲसिटाझोलामाइड हे औषध देतात. डोळ्यामागे हायलुरॉनिडेझ टोचण्यावर डॉक्टरांचं एकमत नाही.

माकडांवरच्या प्रयोगांवरून, रक्तपुरवठा ९० मिनिटांत परत आला तर दृष्टी वाचते असा हिशेब सांगतात. मी त्यावर विसंबणार नाही, एकेक मिनिट मोलाचं समजा. केईएम, सायन, जेजे, जे जवळ पडेल तिथल्या तातडीच्या विभागात न्या, नेत्रतज्ज्ञ बोलवा. बोलताना जीभ अडखळली, हात-पाय लुळा पडला तर तेही लगेच सांगा: फिलर मेंदूतही जाऊ शकतं, एमआरआय लागेल.

खरं सांगायचं तर पूर्ण गेलेली दृष्टी बहुतेकदा परत येत नाही. थोडी शाबूत असेल तर आशा जास्त. दोन दिवस उलटले असतील तरी दाखवाच.