पन्नास गुण म्हणजे पास नव्हे

प्रश्न : मुलगा धुळ्याला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलवर गेल्यापासून वजन 8 किलोने वाढलंय. त्याच्या वडिलांना मधुमेह आहे. तो म्हणतो, वर्गात सगळ्यांनी मधुमेहाची जोखीम मोजली, माझे गुण 50 आले, 60च्या आत म्हणजे काळजी नाही. फुल बॉडी पॅकेज करून घ्यावं का?
— एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, पॅकेज राहू द्या, आधी ते 50 गुण पाहू. मधुमेहाच्या जोखमीची ही भारतीय पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाची. 100 पैकी 30 गुण वयाचे आहेत आणि पस्तिशीच्या आत ते शून्यच धरतात. म्हणजे तुमच्या मुलाचे 50 हे 70 पैकी आहेत! बहुधा व्यायाम नाही त्याचे 30, कंबर 90 ते 99 सेंमी त्याचे 10, वडिलांचे 10. काहीच बदललं नाही, तर पस्तिशीला वयाचे 20 मिळून हेच 70 होतील. आता रोज व्यायाम सुरू केला तर 10 उतरतात, कंबर 90च्या आत आली की आणखी 10.

कंबर पँटच्या पट्ट्यावर मोजू नका; पोट सुटलेल्याचा पट्टा खाली सरकलेला असतो आणि आकडा फसवा येतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरायची, श्वास सहज सोडल्यावर वाचायचं. मुलींसाठी मर्यादा 80 सेंमी.

बीपी मित्रांनी एकमेकांचं घाईत घेतलेलं धरू नका. जिना चढून आल्यावर, चहा-सिगारेटनंतर, बोलता बोलता घेतलं की वाढीव येतं. जाड दंडाला बीपीच्या यंत्राचा लहान पट्टा (कफ) बांधला तरी तसंच. लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून 5 मिनिटं शांत बसावं, दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा, मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्यावं. 130/85 किंवा जास्त वेगवेगळ्या दिवशी येत राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

रक्ताच्या तपासण्या दोनच : 8 तास उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी). रात्री उशिरा शेवभाजी हाणून सकाळी रक्त दिलं तर उपास पुरा होत नाही. साखर 100 ते 125 ही मधुमेहाची पूर्वपायरी. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 150च्या वर आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 40च्या खाली (मुलींत 50च्या) ही जोडी आपल्याकडे फार दिसते. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 190च्या वर गेलं तर दोष आनुवंशिक असू शकतो. मग भावंडांचंही तपासा. त्रास नसताना टीएमटी (पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) नको. मात्र घरात पुरुषाला 55च्या आत किंवा बाईला 65च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा.

प्रश्न : उपाशी साखर 118, पण तीन महिन्यांची साखर (एचबीए1सी) 5.2, म्हणजे नॉर्मल. कोणतं खरं?
— वैद्यकीय विद्यार्थिनी, धडगाव

उत्तर : सातपुडा पट्ट्यात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक दोष) बराच आहे. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून एचबीए1सी खोटं कमी येतं. उलट लोह कमी असेल तर ते खोटं जास्त दिसतं. सिकलसेल तपासणी झाली नसेल तर आधी ती करा. उपाशी साखर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या, सोबत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन 2 तासांनी. दोन तासांची 140 ते 199 आली तर पूर्वपायरी. 200 किंवा वर आली, तर तोच रिपोर्ट घेऊन मेडिसिन ओपीडीत जा.