घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी आटोपशीर प्रणाली: छाटत बसू नका, लहानच बसवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्लायवूडचे कॅबिनेट तयार आहे. त्यात ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि साधा एलसीडी मॉनिटर बसवला आहे. त्यावर विंडोज १० आहे. बटण दाबले की मुलांना थेट खेळांची यादी दिसावी आणि मध्येच कसलीही सूचना उगवू नये, यासाठी इंटरनेटवर फिरणारी विंडोजची छाटलेली ‘लाइट’ आवृत्ती टाकावी का?

टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा आवृत्तीतून कोणी काय काढले आणि त्याबरोबर आत काय घातले, हे तपासण्याचे साधन आपल्या हाती नसते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला आहे. त्यातूनही बसवलीच आणि उद्या जॉयस्टिकचा एन्कोडर (काठी व बटणे यूएसबीने संगणकाला जोडणारा छोटा बोर्ड) ओळखला गेला नाही, तर दोष एन्कोडरचा, वायरचा की छाटून टाकलेल्या एखाद्या सेवेचा, हे शोधण्यात रविवार जाईल. मोठी ऑपरेटिंग प्रणाली घेऊन तिची काटछाट करण्यापेक्षा मुळात लहान प्रणाली बसवावी आणि तिच्यात लागेल तेवढेच घालावे.

त्याआधी एक गैरसमज दूर करतो. प्रणाली हलकी केल्याने खेळ वेगाने चालतील, ही अपेक्षा ठेवू नका. मेम हा एमुलेटर, म्हणजे जुन्या आर्केड यंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम, प्रामुख्याने प्रोसेसरच्या एकेका गाभ्याच्या वेगावर अवलंबून असतो. आपल्याकडच्या पार्लरांत ‘मुस्तफा’ म्हणून गाजलेला कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ तुमच्या यंत्रावर न छाटलेल्या विंडोजमध्येही आरामात चालतो, आणि त्रिमितीय खेळांपैकी जे जड आहेत, ते दहा सेवा बंद केल्याने हलके होत नाहीत. खरा फायदा वेगळा आहे. डेस्कटॉपवरील खिडक्या एकत्र रंगवणारा कंपोझिटर अनेकदा एखादी फ्रेम उशीर करतो; ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद, आणि उडी नेमकी कधी मारायची यावर ज्या खेळाचे सारे अवलंबून असते, त्यात हा उशीर हाताला जाणवतो. दुसरा आणि माझ्या मते मोठा फायदा असा की, लहान प्रणाली अचानक वीज जाण्यासाठी तयार करणे सोपे असते.

फक्त खेळायचेच असेल आणि प्रणाली बांधण्याची हौस नसेल, तर बाटोसेरा ही जुन्या खेळांसाठीच बनवलेली तयार लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. तिची मूळ प्रणाली केवळ वाचता येईल अशा एकाच संकुचित फाइलमध्ये असते आणि खेळ व नोंदी वेगळ्या विभागात राहतात, त्यामुळे ती सहसा बिघडत नाही. पुढचे सगळे स्वतः बांधणाऱ्यांसाठी आहे.

डेबियन या लिनक्स प्रणालीचे नेटइन्स्ट, म्हणजे बाकीचे भाग इंटरनेटवरून आणणारे लहान इन्स्टॉलर घ्या. (आवृत्ती १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, तुमचा आय-थ्री ६४ बिट असल्याने अडचण नाही.) शेवटी सॉफ्टवेअर निवडण्याचा जो पडदा येतो, तिथे डेस्कटॉपच्या सर्व खुणा काढा आणि ‘एसएसएच सर्व्हर’ व मूलभूत साधने एवढेच ठेवा. एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने आत शिरण्याची सोय) हवेच, कारण कॅबिनेट बंद झाल्यावर कीबोर्ड जोडण्यासाठी मागची फळी उघडावी लागू नये. त्यानंतर एक्स सर्व्हर (पडद्यावर चित्र दाखवणारा), एक्सइनिट (तो सुरू करणारा), अल्सा-युटिल्स (आवाजाची साधने), मेम आणि तुमच्या आवडीचा फ्रंटएंड (खेळांची यादी दाखवणारा प्रोग्राम) बसवा, आणि तेही शिफारस केलेली जादा पॅकेजेस वगळण्याचा पर्याय देऊन. नाहीतर मागल्या दाराने अर्धा डेस्कटॉप परत येतो. इंटेलच्या ग्राफिक्ससाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. रॉम-संच, म्हणजे खेळांच्या मूळ चिपांतील माहितीच्या फाइली, मात्र मेमच्या आवृत्तीशी जुळणारा हवा. ‘फाइल सापडत नाही’ या तक्रारींचे मूळ बहुधा इथेच असते.

प्रणाली सुरू होताच खेळांची यादी यावी, यासाठी पहिल्या टर्मिनलवर लॉगइन विचारणाऱ्या गेटी या सेवेला स्वयंचलित लॉगइनचा पर्याय द्या, आणि त्या वापरकर्त्याच्या प्रोफाइल फाइलमध्ये ‘आपण पहिल्या टर्मिनलवर असलो तरच’ अशी अट घालून एक्स सुरू करा. अट विसरलात, तर एसएसएचने आत शिरतानाही तोच फ्रंटएंड सुरू व्हायला बघेल. एक्स सुरू करणारी आज्ञा ‘एक्झेक’ने, म्हणजे आज्ञा स्वीकारणाऱ्या शेलची जागाच ती घेईल अशी, दिली, तर फ्रंटएंड बंद पडल्यावर शेल संपतो, गेटी पुन्हा लॉगइन करते आणि यादी आपोआप परत येते, वेगळा पहारेकरी लागत नाही. त्या आज्ञेआधी दोन-तीन सेकंदांचा विराम ठेवा, कारण एखादी गोष्ट लागोपाठ कोसळत राहिली तर सेवा सुरू-बंद करणारा सिस्टिमडी काही प्रयत्नांनंतर तिचा नाद सोडतो. एक्समधील पडदा काळा करण्याची आणि वीजबचतीची सोय बंद करायला विसरू नका. जॉयस्टिकची हालचाल एक्सच्या लेखी हालचालच नसते, त्यामुळे खेळ निवडता निवडता पडदा काळा होऊ शकतो.

आवाजाबाबत या पिढीच्या इंटेल यंत्रांत एक ठरलेला घोटाळा आहे. एचडीएमआयचा आवाज अनेकदा पहिले कार्ड म्हणून नोंदला जातो आणि स्पीकरची हिरवी पिन दुसऱ्या कार्डावर राहते. अल्साच्या संरचनेत मूळ कार्ड कोणते ते क्रमांकाऐवजी नावाने सांगा, आणि अल्सामिक्सरमध्ये मुख्य वाहिनी मूक ठेवलेली नाही ना, ते पाहा.

सुरू होण्याचा वेळ कमी करायचा तर सिस्टिमडीचे ‘अ‍ॅनालाइझ ब्लेम’ चालवून कोणत्या सेवेने किती वेळ घेतला ते बघा आणि सर्वांत वरच्या दोन-चार नावांकडे लक्ष द्या. नेटवर्कची वाट पाहणारी सेवा तिथे दिसली तर ती बंद करा. सुरुवातीला प्रणाली निवडण्याचा पडदा दाखवणाऱ्या ग्रबचा थांबा शून्यावर आणा. त्यापलीकडे एकेका सेकंदाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आता विजेविषयी, कारण मुले मुख्य स्विच बंद करणार आणि आपल्याकडे वीजही न सांगता जाणार, हे गृहीत धरूनच बांधणी करावी. डिस्कचे दोन विभाग करा: एकात प्रणाली, दुसऱ्यात मेमच्या एनव्हीरॅम (खेळाच्या यंत्राने जपलेली माहिती), सीएफजी (सेटिंग्ज) आणि उच्चांकांच्या नोंदी. मग ओव्हरलेरूट पॅकेज बसवून मूळ विभागावरचे सर्व लेखन रॅममध्ये वळवा. दुसरा विभागही त्याखाली झाकला जाऊ नये म्हणून ओव्हरलेरूटचा ‘रिकर्स’ पर्याय शून्य ठेवा. हा पर्याय राहून गेला की सगळे सुरळीत चालल्यासारखे दिसते, पण दर वेळी बंद केल्यावर उच्चांक पुसलेले असतात. अर्थात पॅक-मॅनसारख्या खेळाच्या मूळ यंत्रावरही वीज गेली की उच्चांक जातच असे. मेममधला ‘हायस्कोर’ प्लगइन चालू केला तर अशा खेळांचेही उच्चांक टिकतात. पुढे काही नवीन बसवायचे झाल्यास ओव्हरलेरूटच्याच सीएचरूट आज्ञेने मूळ विभागात शिरून ते करता येते. याशिवाय कॅबिनेटवरचे एक साधे दाबबटण मदरबोर्डच्या पॉवर-स्विचच्या दोन पिनांना जोडा. ते दाबल्यावर लॉगइनडी ही सिस्टिमडीची सेवा प्रणाली रीतसर बंद करते.

बटणांसाठी कीबोर्डसारखा वागणारा एन्कोडर असेल, तर मेमच्या मूळ मांडणीत पहिल्या खेळाडूची पहिली दोन बटणे म्हणजे डावे कंट्रोल आणि डावे ऑल्ट असतात, आणि चौथे बटण डावे शिफ्ट. विंडोजवर चौथे बटण पाच वेळा भराभर दाबले की ‘स्टिकी कीज’ची खिडकी खेळावर येऊन आदळते, लिनक्सवर विंडो मॅनेजर (खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर ऑल्टसह होणारे त्याचे शॉर्टकट अडथळा आणतात. म्हणून शक्यतो विंडो मॅनेजर टाळा. फ्रंटएंडला कीबोर्डचा ताबा मिळत नसेल तरच ओपनबॉक्स हा छोटा विंडो मॅनेजर घाला आणि त्यातील सर्व शॉर्टकट काढून टाका. एन्कोडर यूएसबी जॉयस्टिकसारखे आणि एकाच प्रकारचे दोन असतील, तर कधी कधी सुरू होताना त्यांचा क्रम उलटतो आणि पहिल्या खेळाडूच्या काठीने दुसऱ्याचा गडी पळतो. मेमच्या कंट्रोलर फाइलमधील ‘मॅपडिव्हाइस’ने उपकरण आणि खेळाडू यांची जोडी पक्की करता येते, दोन्हींची ओळख अगदी एकसारखी असेल तर कोणता एन्कोडर कोणत्या यूएसबी पोर्टात आहे, यावर आधारलेला यूडेव्हचा (जोडलेली उपकरणे ओळखून त्यांना नावे देणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा) नियम लिहावा लागतो. तसे केल्यास त्या दोन पोर्टांवर रंगीत टेपची खूण करून ठेवा, म्हणजे पुढे साफसफाईत वायरी निघाल्या तरी त्या जागच्या जागी परत जातील.