व्हॅम्पायरचं लाइट बिल कोण भरतं?

प्रिय लेखिकाबाई,

(ही हाक तुला आवडत नाही, ठाऊक आहे. कादंबरी पुरी कर, मग बदलू.)

तुझं टिपण काल रात्री वाचलं. शार्लेन हॅरिसची ‘डेड अन्टिल डार्क’ तुला खाली ठेववली नाही एवढं त्यातून कळलं. का ठेववली नाही, ते मात्र नाही. चार परिच्छेद कथानक, मग ‘भन्नाट’, मग ‘शेवट थोडा घाईत उरकलाय’. तू स्वतः व्हॅम्पायरची प्रेमकथा लिहायला घेतलीयेस म्हणून मी हे पुस्तक तुझ्या हातात दिलं होतं. सुतार दुसऱ्याच्या घरी गेला की आधी कपाटाचे सांधे बघतो. तसं वाचायचं होतं.

सूकीपासून सुरुवात कर. लुइझियानातल्या बाँ टाँ नावाच्या काल्पनिक खेड्यात, बारमध्ये ऑर्डरी घेणारी पंचवीस वर्षांची मुलगी. तिला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. दुसऱ्या कुणी ह्याची शक्ती केली असती. सूकी त्याला स्वतःचं अपंगत्व म्हणते. शाळेत लक्ष लागायचं नाही, गाव तिला वेडी समजतं, आणि समोर बसलेला मुलगा तिच्याबद्दल काय विचार करतोय ते ऐकू येत असताना प्रेम जमणार कसं? अशात बिल बारमध्ये येतो. व्हॅम्पायर. त्याच्या मनातून काहीच ऐकू येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा शांतता!

ह्या कादंबरीचं सगळं बळ इथे आहे बघ. तो देखणा आहे, दीडशे वर्षांचा अनुभवी आहे, हे असतंच अशा पुस्तकांत. पण ह्या मुलीला हाच माणूस का हवा, ह्याचं उत्तर तिच्या दुखण्यात आहे. तुझ्या हस्तलिखितात नायिका ‘त्याच्या डोळ्यांत हरवते’. हरवू दे, पण घरून निघताना तिला काय सलत होतं?

दुसरी गोष्ट, गंभीर जागी मुद्दाम ठेवलेला विनोद. त्याचं नाव कळतं तेव्हा सूकीला हसू आवरत नाही. काहीतरी भारदस्त, जुन्या वळणाचं नाव असेल असं तिला वाटलेलं, आणि निघाला बिल! हा बिल पूर्वजांच्या घराची डागडुजी करतोय, त्याला इलेक्ट्रिशियन हवाय. पण कामवाल्यांना फोन करायचा दिवसा, आणि दिवसा हा झोपलेला. मग ते फोन करायचे सूकीने. अख्ख्या पुस्तकातला माझा लाडका भाग. जपान्यांनी कृत्रिम रक्त बनवलं, म्हणून व्हॅम्पायर उघडपणे जगासमोर आले, ही मोठी कल्पना झाली. तिच्यावर विश्वास बसतो तो मात्र ह्या इलेक्ट्रिशियनमुळे. तुझा नायक 1890 पासून गिरगावात राहतो ना? मग त्याच्या पागडीच्या खोलीची भाडेपावती कोणाच्या नावाने फाटते? लाइट बिल कोण भरतं? सोसायटी करायची म्हणून चाळकऱ्यांनी रविवारी सकाळी अकराला बैठक ठेवली, तर हा काय करतो? ह्यातच तुझी तीन प्रकरणं दडलीयेत.

आता उणं. हॅरिसबाई आधीपासून रहस्यकथा लिहीत होत्या, म्हणून इथेही गावात बायकांचे खून होतात. पण मनातलं ऐकू येणारी नायिका घेतलीस की खुनी लपवायचा कुठे? सूकी भावावरचा संशय दूर करायला बारमध्ये कान लावून बसते, तरी नेमकं हवं ते तिला उशिरा ऐकू येतं. ही सोय लेखिकेची. स्वतः घातलेला नियम स्वतःच सैल सोडलाय. तुला शेवट घाईचा वाटला त्याचं मूळ इथे आहे. खरं तर शेवटची झटापट उत्तम आहे: बिल गावात नाही, आणि सूकी स्वतःच्या हिमतीवर वाचते.

दुसरं उणं जास्त खोल आहे. व्हॅम्पायर म्हणजे समाजाने नाकारलेली माणसं, असं रूपक पुस्तकभर चालतं. ‘शवपेटीतून बाहेर येणं’ हा विनोद समलिंगी माणसांच्या ‘कपाटातून बाहेर येण्यावरून’, म्हणजे आपली ओळख उघड करण्यावरून, केलाय ते तुला कळलंच असेल. पुस्तक 2001 चं. समलिंगी संबंध तेव्हा लुइझियानात कायद्याने गुन्हाच होते. जमाव व्हॅम्पायरांचं घर जाळतो तो प्रसंग म्हणूनच अंगावर येतो. पण नाकारलेली खरी माणसं कुणाच्या नरड्याचा घोट घेत नाहीत. बिल घेतो. सूकीला मारहाण करणाऱ्या जोडप्याला तो संपवतो, लहानपणी तिच्याशी घाणेरडं वागलेल्या म्हाताऱ्या नातेवाइकालाही. ती हादरते खरी, पण मला वाटतं लेखिका तिला फार वेळ हादरू देत नाही. प्रेमकथा पुढे न्यायची असते ना! शिवाय बिल अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला. गावातल्या म्हाताऱ्यांची मंडळी त्याला मोठ्या कौतुकाने भाषणाला बोलावते, आणि ते युद्ध ज्या गुलामगिरीपायी झालं तिचं ओझं कुणाच्याच खांद्यावर फारसं दिसत नाही. तू टिपणात ह्यावर अवाक्षर लिहिलं नाहीस. तुझ्या नायकाने 1896 चा मुंबईचा प्लेग पाहिलाय. लोक पटापट मरत होते तेव्हा हा कोणाचं रक्त पीत होता, हे तुला लिहावं लागेल. गाळलंस तर मी विचारीनच.

ह्याच पुस्तकावरून 2008 मध्ये ‘ट्रू ब्लड’ मालिका आली. ती एवढ्यात बघू नकोस. तिचा रंग भडक आहे, तुझ्या सूकीचा चेहरा पुसला जाईल. ह्या कादंबरीमालेतली पुढची बारा पुस्तकंही नंतर.

टिपण पुन्हा लिही, दीड पानात. कथानक चार ओळी, बाकी सगळं ‘का’. आणि रविवारी चाळीच्या बैठकीचं प्रकरण घेऊन ये. सकाळी अकराला नको, माझ्याकडे प्लंबर येणार आहे.

तुझा,
काका